लिंबा लाकडाची फळी गिटारच्या धडासाठी कापण्यापूर्वी काय पाहावे?

सहा तारा

नमस्कार. मी काही वर्षांपासून अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहतो आणि सुटीच्या दिवशी घराच्या तळघरात सुतारकाम करतो. आजवर दोन विजेवरच्या गिटार तयार केल्या आहेत. एकीचे धड आल्डरचे आहे आणि दुसरीचे महोगनीचे. तिसरीसाठी लिंबा हे आफ्रिकेतील लाकूड वापरावे असे फार दिवस मनात होते. त्याचे कारण काहीसे भावनिक आहे, हे मी मान्य करतो. गिब्सन कंपनीने १९५८ साली फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर ही टोकदार आकारांची दोन वाद्ये याच लाकडात बाजारात आणली होती, आणि ज्या कॅलामाझू शहरातल्या कारखान्यात ती घडली ते शहर याच राज्यात आहे.

तीन आठवड्यांपूर्वी एका वखारीतून मी लिंबाची एक न रंधलेली फळी आणली. ती दोन इंच जाड, नऊ इंच रुंद आणि पाच फूट लांब आहे. भट्टीत वाळवलेला माल आहे असे विक्रेत्याने सांगितले, आणि एका कडेला करड्या-तपकिरी रेषा असल्यामुळे तिला 'ब्लॅक लिंबा' म्हणून जास्त दर लावला. घरी आणून नीट पाहिल्यावर त्याच कडेला टाचणीच्या टोकाएवढी दहा-बारा छिद्रे दिसली. ती कीड जिवंत असेल तर तळघरातील बाकीच्या लाकडालाही धोका आहे का, अशी धास्ती वाटते.

मला फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर गिटारच्या ढंगाचे, एका बाजूने कापलेले धड दोन तुकडे जोडून करायचे आहे आणि उरलेल्या लाकडातून जमल्यास मानही काढायची आहे. लगेच कापायला घ्यावे की थांबावे, छिद्रांचे काय करावे, आणि या लाकडाची रंध्रे मोठी असल्यामुळे शेवटचा हात कसा द्यावा, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे. वडिलांना फोनवर हे सांगितले तेव्हा, "लिंबाचे लाकूड आणायला अमेरिकेत कशाला जायला हवे?" असे ते म्हणाले. हा आपला कडुलिंब नव्हे, हे त्यांना अजून पटलेले नाही.

पटाशी

आपण कापण्यापूर्वी विचारलेत हे फार बरे झाले, कारण या लाकडातील बहुतेक घोटाळे पहिल्या दिवशीच्या घाईत होतात आणि दोष मात्र लाकडाच्या माथी मारला जातो.

सर्वप्रथम ओलावा पाहू. भट्टीत वाळवलेला माल हे विधान भट्टीतून बाहेर पडल्या दिवसापुरतेच खरे असते. त्यानंतर फळी ज्या वखारीत महिनोन्महिने पडून राहते तेथील हवेप्रमाणे ती पुन्हा ओल धरते. आपल्या तळघरात हिवाळ्यात हीटर चालू असताना हवेची सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास उतरत असेल, तर लाकूड सुमारे सहा टक्के ओलाव्यावर स्थिरावेल. पन्नास टक्के आर्द्रतेत तेच नऊ टक्क्यांवर आणि पासष्ट टक्क्यांत बारा टक्क्यांवर जाते. ओल्या लाकडापासून पूर्ण कोरड्यापर्यंत लिंबा वर्षवलयांच्या दिशेने सुमारे सहा टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे साडेचार टक्के आकसतो. त्यामुळे आडव्या चिरीच्या, म्हणजे रुंदी वर्षवलयांच्या दिशेने असलेल्या, तेरा इंच रुंद धडाचा ओलावा बारावरून नऊ टक्क्यांवर आला, तर रुंदी जवळजवळ दोन मिलिमीटरने कमी होते. मानेची खाच काटेकोर मापाने कोरल्यानंतर हे घडले तर काय होईल, ते आपणांस सांगायला नको.

म्हणून फळीच्या टोकाचा दीड-दोन इंचांचा तुकडा कापून टाका आणि उघड्या पडलेल्या ताज्या छेदात, मधोमध, ओलावा मोजणाऱ्या मीटरच्या पिना टोचून वाचन घ्या. टोके नेहमी आधी वाळतात, त्यामुळे तेथे घेतलेले वाचन फसवे असते. नंतर फळी स्वयंपाकघरातील नव्हे, सामानाच्या वजनकाट्यावर तोला आणि दर आठवड्याला ते वजन लिहून ठेवा. आपल्या मापांवरून फळीचे घनफळ सुमारे १७.७ लिटर येते. लिंबाची सरासरी घनता दर घनमीटरला साडेपाचशे किलोच्या जवळपास धरली, तर फळी पावणेदहा किलोच्या आगेमागे भरली पाहिजे. ती बारा किलो भरली तर एकतर ती ओली आहे किंवा जातीनेच जड आहे, आणि दोन्ही स्थितींत खांद्यावरच्या पट्ट्याला त्रास होणार. सलग तीन आठवडे वजन हलले नाही की मगच करवत हातात घ्या. तोपर्यंत फळी जमिनीवर न टेकवता दोन-तीन पट्ट्यांवर आडवी ठेवा, म्हणजे चारही बाजूंनी हवा खेळेल.

दुसरी परीक्षा ठिसूळपणाची. लिंबाच्या मोठ्या ओंडक्यात गाभ्याजवळचे लाकूड कधीकधी ठिसूळ असते, आणि करड्या रेषा गाभ्याकडच्याच भागात असतात. धारदार चाकूच्या टोकाने त्या भागातील एक बारीक रेषा उचकटून पाहा. ती लांब, लवचीक काडीसारखी सोलून निघाली तर लाकूड चांगले. खटकन आखूड तुटली तर तो भाग धडात चालेल, पण मानेत मुळीच वापरू नका.

छिद्रांविषयी. लिंबाचा ओंडका जंगलात तोडल्यावर लवकर उचलला नाही तर त्यात बारीक भुंगेरे शिरतात आणि लाकूड निळसर-करडेही पडते. हे भुंगेरे ओल्या लाकडात बुरशी वाढवून तिच्यावर जगतात, त्यामुळे लाकूड वाळले की त्यांचा कारभार संपतो. त्यांच्या छिद्रांची आतली बाजू काळपट डागाळलेली असते आणि भुसा मिळत नाही. याउलट वाळलेल्या लाकडातील पीठ पाडणारी कीड छिद्रातून मैद्यासारखी भुकटी बाहेर टाकते, आणि ती मात्र खरोखर पसरते. फळीखाली काळा कागद अंथरून ठेवा. वजन स्थिर होण्याची वाट पाहताना हीही तपासणी आपोआप होईल. कागद स्वच्छ राहिला तर छिद्रांत पातळ सायनोअॅक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) आणि त्याच फळीचा बारीक भुसा भरून टाका. भुकटी दिसली तर मात्र फळी त्याच दिवशी घराबाहेर काढा.

आता मापाचे. टेलिकास्टरचे धड सुमारे पावणेतेरा इंच रुंद असते, म्हणजे प्रत्येक अर्धा तुकडा साडेसहा इंच धरावा लागेल. नऊ इंचांतून कडा सरळ करण्यात पाव इंच आणि करवतीच्या पात्यात एक अष्टमांश इंच गेले की पूर्ण पाच फूट लांबीची एक पट्टी उरते, पण ती सव्वादोन इंच नव्हे, जेमतेम दोन आणि एक अष्टमांश इंच रुंद असते. टेलिकास्टरच्या मानेचा तळ याहून किंचित रुंद आहे, म्हणून त्या पट्टीतून अखंड मान निघणार नाही. मी असतो तर ती पट्टी तिच्या जाडीतून उभी चिरली असती, दोन्ही भागांच्या मध्ये अर्धा इंच मेपल घालून चिकटवले असते आणि तो जोड वळवून उभ्या रेषांची मान काढली असती. मेपलमुळे ताठपणा येतो आणि दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींना आवरून धरतात. मात्र धडासाठी फक्त पाव इंचाची सूट उरते, हे ध्यानात ठेवून जोडाच्या कडांवर रंधा मारताना हात राखून चालवा.

पाच फुटांतून वीस-वीस इंचांचे दोन तुकडे धडाला गेले तरी एक तिसरा तुकडा शिल्लक राहतो. तो जपून ठेवा, पॉलिशचे सर्व प्रयोग त्याच्यावर करा. जोड लावताना करड्या रेषांची कड आतल्या बाजूला, म्हणजे जोडाकडे घ्यावी असे माझे मत आहे. तेथे सांधा रेषांत लपतो आणि छिद्रेही बहुधा पिकअपच्या (तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या) खाचेत किंवा ब्रिजखाली (तारा टेकतात त्या भागाखाली) जातात.

कापण्यास हे लाकूड अत्यंत मऊ आणि आज्ञाधारक आहे, परंतु काही फळ्यांत रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि राउटर (खाचा कोरणारे विजेचे यंत्र) तेथे मोठे पापुद्रे उचकटतो. बँडसॉने बाह्यरेषेच्या बाहेर दोन मिलिमीटर ठेवून कापा, खाचांतील बराचसा माल ड्रिलने आधी काढून घ्या आणि राउटर एका फेरीत तीन मिलिमीटरांपेक्षा खोल घालू नका.

एक गोष्ट विसरत होतो. या लाकडाचे कुसळ बोटात शिरले तर ते चिघळण्याचा संभव असतो. भुशाने नाकातून रक्त येणे, अंगावर पित्त उठणे आणि छाती भरणे असे त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. साधा कापडी मास्क पुरणार नाही.

कोकणी रंधा

वडिलांचा कडुलिंबाचा समज चुकीचा असला, तरी लिंबा आपल्याला अगदीच परका नाही, हे त्यांना सांगण्यास हरकत नाही. लिंबाचे शास्त्रीय नाव टर्मिनालिया सुपर्बा. आपले ऐन, किंजळ, अर्जुन, हिरडा आणि बेहडा हे सर्व याच टर्मिनालिया वंशातले आहेत. म्हणजे कोकणातील जुन्या घरांच्या तुळयांत जो ऐन दिसतो आणि विदर्भात ज्याच्या पानांवर टसरचे किडे पोसले जातात, त्याचा हा पश्चिम आफ्रिकेतील चुलतभाऊ आहे. सिएरा लिओनपासून काँगो-अंगोलापर्यंत तो वाढतो. घानात त्याला ओफ्राम, नायजेरियात अफारा आणि आयव्हरी कोस्टमध्ये फ्राके म्हणतात. कोरिना हे अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी दिलेले नाव आहे, ती वेगळी जात नव्हे.

स्वभावाने मात्र हे भाऊ फार वेगळे आहेत. ऐन दर घनमीटरला साडेआठशे किलोच्या आसपास भरतो आणि पटाशीची धार पाहता पाहता घालवतो. माझ्या आजोबांच्या काळातील ऐनाची एक तुळई चिरून पाहिली आहे, त्यामुळे हे ऐकीव नाही. धडासाठी ऐन घेण्याचा मोह कोणालाही होऊ नये. पण पडद्यांच्या पट्टीसाठी, म्हणजे ज्या लाकडावर बोटे फिरतात त्यासाठी, तो उत्तम आहे. २०१७ च्या प्रारंभी शिसवीसह त्या वंशातील सर्व झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांचे निर्बंध आले, तेव्हा गिटार करणाऱ्यांनी पर्याय शोधले, आणि स्क्वायर कंपनीच्या अनेक गिटारींवर 'इंडियन लॉरेल' या नावाने जी तपकिरी पट्टी येते ती आपला ऐनच. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, तरी ऐन टिकून राहिला. आपण लिंबाची मान करणारच असाल तर तिच्यावर ऐनाची पट्टी बसवावी, अशी माझी सूचना आहे. अमेरिकेत ती तयार कापलेली मिळते.

विक्रेत्याच्या 'ब्लॅक लिंबा'विषयी एक सावधगिरी. ब्लॅक लिंबा आणि व्हाइट लिंबा ही एकाच झाडाची रूपे आहेत. गाभ्यात काळसर रेषा पडल्या तर ब्लॅक, न पडल्या तर व्हाइट. परंतु 'ब्लॅक अफारा' या नावाने जे विकले जाते ते टर्मिनालिया आयव्होरेन्सिस, म्हणजे इडिग्बो, हे वेगळे झाड आहे. आपल्या फळीचा उर्वरित भाग फिकट पिवळसर असेल तर ती लिंबाच असावी. एका कडेच्या चार रेषांसाठी जास्त दर देणे मला पटत नाही, पण तो व्यवहार आता झाला आहे.

कोरा कान

मी थोडा विरोधी सूर लावतो. लिंबाचा आवाज महोगनीसारखा पण मधल्या पट्टीत अधिक गोड असतो, असे सर्वत्र वाचायला मिळते. मी लिंबाच्या दोन आणि महोगनीच्या तीन गिटार जवळून हाताळल्या आहेत, आणि डोळे मिटून मला त्यांतील फरक लाकडावरून सांगता आला नाही. पिकअपची उंची पाव फेरा फिरवली तर याहून मोठा फरक पडतो. १९५८ च्या फ्लाइंग व्हीचा जो दबदबा आहे त्यात तिच्या दुर्मीळपणाचा वाटा मोठा आहे, हे विसरू नये. त्या काळात ती वाद्ये खपलीच नाहीत. पहिल्या दोन वर्षांत शंभरही व्ही कारखान्याबाहेर पडल्या नाहीत, आणि एक्सप्लोरर तर त्याहूनही कमी. पुढे अल्बर्ट किंग आणि लॉनी मॅक या गिटारवादकांच्या हातांत लोकांनी व्ही पाहिली, आणि मग त्या लाकडाच्या नावालाच वलय आले.

गिब्सनने लिंबा का निवडला असेल, याचे माझ्या मते साधे उत्तर असे की, तो महोगनीसारखा कापला जातो आणि त्याचा रंग फिकट असतो. पन्नासच्या दशकात फिकट रंगाच्या फर्निचरची चलती होती आणि युरोपात लिंबाचे व्हेनिअर कपाटांवर सर्रास चढत होते. त्या नव्या आकारांना तो आधुनिक रंग शोभला. म्हणून आपण लिंबा निवडताना वजन, रंग आणि कापण्यातील सुख यांसाठी निवडा. आवाजाच्या अपेक्षेने निवडलात तर पहिल्याच दिवशी कान फसवाफसवी सुरू करतील.

लाखदाणा

मी फर्निचरच्या पॉलिशचे काम करतो, गिटार फक्त तीन केल्या आहेत, त्यामुळे माझे उत्तर शेवटच्या हातापुरतेच आहे.

लिंबाची रंध्रे उघडी आणि लांबट असतात. ती न बुजवता वरून कितीही थर दिले तरी दोन-तीन महिन्यांनी पृष्ठभाग बसतो आणि तिरप्या उजेडात बारीक खळगे दिसू लागतात. खळगे चालत असतील तर फक्त तेल आणि मेण लावून मोकळे व्हा, त्यातही हे लाकूड सुरेख दिसते. आरशासारखा पृष्ठभाग हवा असेल तर क्रम असा ठेवा की, आधी १८० आणि मग २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासावे, ओलसर फडक्याने पुसून उभे राहिलेले रेषे वाळल्यावर पुन्हा हलके घासावेत, लाखेचा एक पातळ हात द्यावा आणि त्यानंतरच रंध्रांत लांबी (रंध्रे बुजवणारा लगदा) भरावी. लाखेचा हात आधी दिला नाही तर लांबीचा रंग फिकट लाकडातच मुरतो आणि सगळे धड मळकट दिसते. हा अपघात माझ्याकडून झालेला आहे, आणि तो धुऊन निघत नाही. लांबी रेषेला आडवी चोळावी आणि जादा माल तिरप्या दिशेने खरडून काढावा.

लांबीचा रंग कोणता, यावर सगळे रूप ठरते. गडद तपकिरी घेतली तर प्रत्येक रंध्र रेखल्यासारखे उठून दिसते आणि आपल्या करड्या रेषांशी तिचा मेळ बसतो. बिनरंगी घेतली तर धड एकसारखे मधाळ दिसते. पाण्यावर आधारित पारदर्शक वार्निश सरळ लावू नका, त्याखाली लिंबा खडूसारखा निस्तेज होतो. आपल्याकडची पिवळसर, न उजळलेली लाख पातळ करून दोन हात दिलीत तर जुन्या व्हीवर लोकांना जो सोनेरी रंग आवडतो त्याच्या बऱ्याच जवळ जाल, कारण त्या रंगात लाकडाइतकाच पिवळ्या पडलेल्या लॅकरचाही भाग आहे.

नायट्रोसेल्युलोज लॅकर फवारणार असाल तर कृपया तळघरात फवारू नका. तेथे बहुधा गॅसवरचा हीटर किंवा पाण्याचा बंब असेल, आणि त्याच्या ज्योतीला ती वाफ पुरेशी असते. थंडी ओसरेपर्यंत थांबा आणि बाहेर, उघड्यावर काम करा. लाखेचे फ्रेंच पॉलिश बोळ्याने आतही करता येते, फक्त खिडकी उघडी आणि ज्योत बंद हवी.

सहा तारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लागले, कारण पटाशी यांनी सांगितल्याप्रमाणे वजन स्थिर होण्याची वाट पाहत होतो.

पहिल्या दिवशी फळी ९.९ किलो भरली आणि ताज्या छेदातील वाचन साडेअकरा टक्के आले. म्हणजे भट्टीत वाळवलेला माल या शब्दांचा अर्थ आता कळला. गेले तीन आठवडे वजन ९.६ किलोवर थांबले आहे आणि वाचन आठ टक्के आहे. काळा कागद स्वच्छ राहिला. चाकूची परीक्षा केली तेव्हा फिकट भागातील रेषा लांब निघाली, पण करड्या पट्ट्यातील दोन ठिकाणी ती खटकन तुटली. त्यामुळे मानेसाठीची पट्टी दुसऱ्या, फिकट कडेकडून काढली आणि करडी कड जोडाकडे ठेवली. आखणी केल्यावर दहांपैकी सहा छिद्रे मानेजवळच्या पिकअपच्या खाचेत जातात आणि दोन ब्रिजच्या पत्र्याखाली. उरलेली दोन भुशाने भरली.

ऐनाची पट्टी मागवली आहे. वडिलांना तिचा फोटो पाठवला, तेव्हा त्यांनी लगेच ओळखली आणि आमच्या गावच्या घराच्या तुळयांचा विषय काढला. कोरा कान यांचे म्हणणे मी वहीत लिहून ठेवले आहे, पिकअप बसवल्यावर ते तपासून पाहीन.

एकच शंका उरली आहे. धडाचे दोन तुकडे जोडण्यासाठी नेहमीचा पिवळा गोंद वापरावा, की जुन्या पद्धतीने सरस (हाडा-कातड्यापासून केलेला गोंद)?

पटाशी

पिवळा गोंद वापरा. लिंबा गोंद चांगला धरतो, आणि सरसाचा लाभ जेथे सांधा पुढे उकलावा लागतो तेथे असतो, धडाचा मधला सांधा कोणी उकलत नाही. दोन्ही कडा रंध्यावरून काढल्यावर एकीवर एक ठेवून दिव्यासमोर धरा, उजेड कोठूनही दिसता कामा नये. रंधल्याच्या दिवशीच गोंद लावा, शिकंजे आलटून पालटून वर-खाली लावा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावू नका. जाडीचा रंधा मात्र लगेच मारू नये. गोंदातील पाण्याने सांध्याजवळचे लाकूड फुगलेले असते. ते तसेच समतल केले तर वाळल्यावर मधोमध बारीक खाच पडते. आठवडाभर थांबा आणि मग ४५ मिलिमीटरवर आणा. खाचा कोरून झाल्यावर धड दोन किलोच्या आसपास यावे.

उरलेल्या तिसऱ्या तुकड्यावर लाखदाणा यांनी सांगितलेल्या दोन्ही लांब्या शेजारी शेजारी लावून त्याचे छायाचित्र येथे टाकावे, ही विनंती. गडद लांबी आणि करड्या रेषा एकत्र कशा दिसतात हे मलाही पाहायचे आहे.